दोन्ही बाजूंची चूक

चंद्रावरच्या वसाहतीतल्या मनोलेखन प्रयोगशाळेत कालिंदी धुरंधर सकाळपासून एका यंत्रासमोर बसून होती. त्या यंत्रात तिच्या नवऱ्याचं, अच्युतचं, प्रतिमन होतं. अपघातानंतर त्याचा मेंदू मृत ठरला, तेव्हा कालिंदीने प्रयोगशाळेच्या संस्थेशी करार केला आणि संस्थेने मेंदूतल्या सगळ्या जोडण्या उतरवून घेऊन ते घडवलं. गेली दोन वर्षं ते वसाहतीची हवा सांभाळत होतं आणि रोज संध्याकाळी कालिंदीशी गप्पा मारत होतं.

आज ते पुसलं जाणार होतं.

अच्युतचा देह प्रतिमनाच्या दुरुस्तीसाठी खालच्या मजल्यावर राखून ठेवला होता. नव्या तपासणीत कळलं, की मेंदू मेलेला नव्हताच. बेशुद्ध होता, पण जिवंत होता.

“पण माझी तक्रार नाही, संस्थेची नाही. मग करार मोडायचा कशाला?” कालिंदी कळवळून म्हणाली.

तिच्या वकील शहनाज तांबोळी शेजारी बसल्या. “ताई, मोडायला करार असावा लागतो. एकाने दुसऱ्याला फसवलं असतं, तर करार ठेवायचा की मोडायचा हे फसलेल्याने ठरवलं असतं. इथे दोन्ही बाजूंनी एकच चूक केली, जिवंत माणसाला मृत समजून सह्या केल्या. असा करार कायद्याच्या लेखी झालेलाच नसतो. आणि जिवंत माणसाचं प्रतिमन बाळगता येत नाही.”

संस्थेतर्फे करारावर सही करणाऱ्या डॉक्टर सानपांकडे कालिंदी वळली. “तो जिवंत आहे हे तुम्हाला ठाऊक होतं म्हणा ना! मला फसवलंत म्हणा. मी करार ठेवीन.”

“म्हटलं असतं हो,” सानप खालमानेने म्हणाले, “पण सही करताना आपल्या दोघांचीही संमतिछाप घेतली होती. त्या क्षणी मनात काय खरं वाटत होतं, ते तिच्यात उमटतं. दोन्ही तपासून झाल्या. तुम्ही खऱ्या होता, मीही खरा होतो.”

“म्हणजे आपण खोटं बोललो असतो तर तो वाचला असता!”

तांबोळी विचारात पडल्या होत्या.

“ताई, सही तुमची, पण अच्युतरावांच्या वतीने. करारातले पक्षकार ते. त्यांना काय वाटत होतं, हे कुणी विचारलंच नाही.”

“बेशुद्ध माणसाला काय वाटणार?” सानप म्हणाले आणि थबकले. “पण जोडण्या सहीनंतर उतरवल्या. तेव्हा मेंदूत जे होतं, ते प्रतिमनात असणारच.”

तिघंही यंत्राकडे वळली.

“मी ऐकत होतो,” अच्युतचा आवाज आला. “तू अटी वाचत होतीस. मधेच तुझा आवाज बसला, डॉक्टरांनी पाणी दिलं. मी आतून ओरडत होतो, कालिंदी.”

“मग दोन वर्षं बोलला का नाहीस?”

“बोललो असतो तर त्याच दिवशी पुसला गेलो असतो. मला जगायचं होतं.”

तांबोळी ताडकन उठल्या. “म्हणजे चूक एकाच बाजूची! अच्युतरावांनी सत्य दडवलं, फसली संस्था. निर्णय संस्थेचा.”

“संस्थेतर्फे सांगतो, करार राहील,” सानप म्हणाले.

कालिंदीला रडू कोसळलं. तांबोळींनी हलकेच सांगितलं, “करार राहिला, की खालचा देह कायद्याने मृतच राहणार. त्याची तयारी ठेवा.”

कालिंदीने मान हलवली. मग तिचं रडणं एकदम थांबलं.

“तो तेव्हा ऐकत होता... मग आत्ता, खाली?”

सानपांचा चेहरा पांढराफटक पडला.

कालिंदीने त्यांची बाही घट्ट धरली. “मोडा करार. डॉक्टर, पाया पडते, मोडा!”

सानप यंत्राकडे बघत राहिले.

“मोडा, डॉक्टर,” यंत्रातून आवाज आला. “तिथे पडून राहणं कसं असतं, ते मला आठवतं. आणि लवकर करा. माझा धीर टिकायचा नाही.”

हवेची जुनी यंत्रणा सुरू करायला सांगून सानपांनी करार मोडला. आवाज बंद झाला.

कालिंदी खाली गेली. पलंगावर अच्युत निश्चल पडला होता. खुर्ची ओढून ती त्याच्या कानाशी वाकली. दोन वर्षांत ती या खोलीत एकदाही आली नव्हती.

“अच्युत,” ती म्हणाली. पुढे काय बोलावं, ते तिला सुचेना.