तीनची घंटा

बसा, सांगतो. मध्येच हसू आलं तर हसून घ्या, मीही हसलो होतो.

एप्रिलातला शनिवार होता. खाणी बंद पडून सहा-सात वर्षं झाली होती. जेवून हात धुतले आणि डिचोलीहून स्कूटर काढली. काम अगदी किरकोळ. मयेच्या वाटेला एक फाटा लागतो, आत एक लहानसा वाडा, म्हणजे नऊ घरांची वस्ती आहे, नाव सांगत नाही. तिथं आमच्या कृष्णनाथ सरांचं घर. सर वारून बरीच वर्षं झाली होती, घरात त्यांची बायको, देवकीकाकी, एकटी. सरांचा जुना कॉम्प्युटर आणि टेलिफोनला जोडायचा मोडेम अजून तिथंच पडला होता, तो उचलून आणायचा.

सरांनी एक प्रोग्रॅम लिहिला होता. खाणींच्या खड्ड्यांत पाणी साचतं आणि बांधाला रेटा देतं. त्या पाण्याची उंची मोजायची आणि खालच्या वाड्यांना सावध करायचं, एवढंच त्याचं काम. ओपन सोर्स होता, म्हणजे कोणीही फुकट घ्यावा, आतला कोड वाचावा, सुधारावा. सर गेले आणि तो सांभाळायची जबाबदारी आली माझ्यावर आणि केरीच्या शंभूवर. सांभाळणारा म्हणून पहिलं नाव माझं, साईश. त्या नावाचा मला ताठा होता, खोटं कशाला बोलू? बांधाखाली माणसं आपल्या भरवशावर झोपतात म्हटल्यावर तो चढायचाच.

त्या कोडात 'राखण' नावाचा एक तुकडा होता, दोनशेएक ओळींचा. मोडेमवरून नऊ घरांच्या टेलिफोनची घंटा वाजवण्यासाठी लिहिलेला. आता सगळे इशारे मोबाईलवर जातात. उभ्या प्रोग्रॅममध्ये राखणला कुठूनही बोलावणं जात नव्हतं, मी तीनदा तपासलं. वर सरांची टीप होती : 'याला कोणी बोलावत नाही. तरी काढू नये.' कारण दिलेलं नाही. नवी आवृत्ती काढताना दर वेळी काम इथंच अडायचं, नवखी पोरं ते वाचण्यात आठवडे घालवायची. माळ्यावरच्या मोडक्या खाटेसारखं, झोपत कोणी नाही, पण झाडताना नडगीला नेमकी लागते.

मी म्हटलं, काढून टाकू. शंभू आडवा आला.

"खायना, पियेना, वाट अडयना. तुका किदें जाता? आसूं दी."

"कारण सांग," मी म्हटलं. "सरांनी लिहिलंय, याशिवाय दुसरं."

"शिवेवयल्या राखण्याक वर्साक रोट दितात मरे? तो कोणाक दिसता? म्हूण कोण रोट बंद करता?"

"राखणदाराचा तो भाकरीचा नैवेद्य आम्ही केलाय बंद. बारा वर्षं झाली. आमचं काही बिघडलं नाही."

"बिगडलां काय ना, तें तूं सांगतलो?"

भांडण चव्हाट्यावर आलं. प्रोग्रॅम वापरणारे जगभरचे लोक वाचत होते आणि आम्ही एकमेकांची अब्रू काढत होतो. मी त्याला भगत म्हटलं, त्यानं मला उपटसुंभ म्हटलं. शेवटी त्या शनिवारी सकाळी दहाला मी राखण पुसलं आणि नवी आवृत्ती सोडली. पाचव्या मिनिटाला शंभूचा फोन.

"कोणाक किदें जालें जाल्यार?"

"जबाबदार मी. नाव माझं वर आहे," असं म्हणून मी फोन ठेवला. मला फार बरं वाटलं होतं.

वाड्यावर पोचलो तेव्हा अडीच वाजून गेले होते. ऊन नुसतं भाजत होतं. बांधाच्या पायथ्याशी आठ घरं, सगळी बंद, दारांना गंजलेल्या कड्या, अंगणांत माणसाएवढं रान. नववं घर काकींचं, थोडं चढावर. त्या दारातच उभ्या होत्या. बस म्हणाल्या नाहीत. आमच्याकडे वैरी आला तरी पाण्याचा तांब्या पुढे करतात, मला तोही मिळाला नाही.

"मोडेम न्यायला आलोय, काकी."

"तीन जावंदी. मागीर व्हर."

"तीनला काय आहे?"

"घांट जाता."

वळईत, म्हणजे आतल्या ओसरीत, काळा टेलिफोन होता. त्याची वायर उंदरांनी कधीच खाल्लेली, लाईनही कापून वर्षं लोटली होती. वायरचं टोक मी उचलून दाखवलं आणि हसलो.

"वायर ना म्हूण घांट रावूंक ना," काकी म्हणाल्या. माझ्याकडे न बघता.

मी वायर खाली टाकली. म्हाताऱ्या माणसाशी काय वाद घालायचा? भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजले. तीन वाजून दोन मिनिटं झाली. चार झाली. काकी टेलिफोनकडे बघत होत्या, ओठ घट्ट मिटलेले. बाहेर झाडांवर किडे किरकिरत होते, ते एकदम थांबले.

"आज घांट वाजूंक ना..." त्या म्हणाल्या. "तुवें किदें केलें रे?"

मी सांगितलं. लपवण्यासारखं त्यात काय होतं? त्यांनी मला शिवी दिली, आणि खाली बसल्या. मग जे सांगितलं ते असं.

पावसात टेलिफोनची तार आधी तुटते, बांध नंतर फुटतो. धोक्याच्या वेळी वाजणारी घंटा धोक्याच्या वेळीच मुकी होणार. म्हणून सरांनी उलटं केलं होतं. रोज दुपारी तीनला नऊ घरांत घंटा वाजायची, दोनदा. वाजली की सगळं ठीक, घरात राहा. ज्या दिवशी वाजणार नाही, त्या दिवशी असाल तसे बाहेर पडा. लोकांच्या ते अंगवळणी पडलं होतं. एका जुलैत पाण्याची उंची मोजणारा तरंगता डबा चिखलात रुतला आणि पाणी कमी दाखवत राहिला. तीनला घंटा वाजली. साडेतीनला बांध फुटला. कोणी बाहेर पडलं नव्हतं, पोरंसुद्धा. घंटा वाजली होती ना!

"दुसऱ्या दिसा ताणें घांट बंद केली," काकी म्हणाल्या. "पूण तिनांक परत वाजली. आपशींच. सगल्या घरांनी. तेन्ना ताका कळ्ळें... तीं अजून आसात भितर. घांट वाजता म्हूण बसल्यांत. तांकां खबर ना."

"कसली खबर?"

काकींनी खालच्या आठ बंद दारांकडे बोट केलं. मला सरांचाच राग आला. हे सरांनी टिपेत लिहायला काय झालं होतं? दोन ओळी लिहिल्या असत्या तर! पण लिहिल्या असत्या तरी मी हसून पुसल्याच असत्या.

तेवढ्यात खाली कडी वाजली.

मी दारात आलो. पहिल्या घराचं दार हळूहळू आत गेलं. कोणी दिसलं नाही. मग दुसऱ्याचं. तिसऱ्याचं कुरकुरत, अडकत, जसं फुगलेलं लाकूड अडकतं. आठही दारं उघडली. त्या रखरखीत उन्हात चिखलाचा वास आला, बंद विहिरीतून येतो तसा, कुजका आणि गार. वाटेवरचा वाळका पाचोळा दबत होता... एका ओळीनं, सावकाश, फाट्याच्या दिशेनं. माझ्यापासून दहा हातांवरून ते जात होतं. मी श्वास धरून उभा राहिलो. माझ्यासमोर पाचोळा दबायचा थांबला. बराच वेळ. मग पुढं दबत गेला.

मी शंभूला फोन लावला.

"राखण परत घाल! आत्ताच्या आत्ता!"

"आतां रडटा?" तो म्हणाला. पण पाठीमागं बटणांचा आवाज येत होता, त्यानं काम सुरू केलं होतं.

तीन वाजून वीस मिनिटांनी बिनतारेचा तो टेलिफोन वाजला. दोनदा. खालच्या आठही घरांतून तीच घंटा ऐकू आली, एकामागोमाग. मी पाचोळ्याकडे बघत राहिलो. काहीही माघारी वळलं नाही.

"आतां कोणाक वाजयता?" काकी म्हणाल्या. "घरांनी कोण ना."

"गेली कुठं ती?"

"घांट चुकली जाल्यार सांबाळप्यागेर वचचें, अशें ताणें सगल्यांक सांगिल्लें. तेन्ना सांबाळपी तो आशिल्लो." आल्यापासून पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. त्या नजरेत दया नव्हती. "आतां सांबाळपी कोण?"

सांभाळणाऱ्याचं घर म्हणजे आता माझं घर. मी घरी फोन केला. सिद्धी, माझी बायको, घरी एकटीच होती. तिनं उचलायला वेळ लावला.

"अरे, इतले पावणे धाडले आनी म्हाका सांगूंक जालें ना?" ती दबक्या आवाजात चिडली होती. "सगलीं भिजल्यांत. हे गरमेंत खंय भिजलीं? वयर बसयल्यांत. कोण उलयना... एक म्हातारी तेवढी विचारता."

"काय विचारते?"

"उदक खंयमेरेन पावलां."

पाणी कुठवर आलंय! स्कूटर कशी चालवली ते आठवत नाही. घरी पोचलो तेव्हा सिद्धी चहाचा टोप घेऊन जिन्याच्या खाली उभी होती. वर कोणीही नव्हतं. फरशी कोरडी, चादरीला सुरकुती नाही. तिनं माझ्यावर आवाज चढवला, मग रडली.

राखण आता जागेवर आहे. सरांच्या टिपेखाली मी कारण लिहिलं, शंभूनं सही केली. तो माझ्याशी बोलत नाही, आणि त्याचं बरोबर आहे. रिकाम्या वाड्यात रोज तीनला घंटा होते म्हणे. आमच्याकडे ऐकू येत नाही. मी रोज तीनला जिना चढतो आणि दाराबाहेर उभा राहून सांगतो, सगळं ठीक आहे, पाणी आलेलं नाही.

पण वरच्या खोलीच्या भिंतीवर चारी बाजूंनी एक लाल रेघ उमटली आहे, खाणीच्या मातीची, पुराचं पाणी ओसरल्यावर राहते तशी. पहिल्या दिवशी घोट्याला होती. दोनदा चुना मारला, दोनदा परत आली, दर वेळी थोडी वर. खालच्या मजल्यावर भिंती खडखडीत कोरड्या आहेत. काल ती माझ्या छातीपर्यंत आली होती, आणि तिच्या वर, छताच्या बाजूला, लहान हातांचे ठसे होते.