मडमेचं बाळकडू

इंद्रजीतनं ती पेटी पुण्याच्या एका जुन्या वस्तूंच्या दुकानातून आणली आणि शनिवारी सकाळी रोडपालीच्या फ्लॅटमध्ये टीव्हीशेजारच्या काचेच्या कपाटात मांडली. शिसवी लाकूड, पितळी कोपरे, आत विटकी निळी मखमल आणि तिच्या खाचांत बारा बाटल्या. व्हिक्टोरिया राणीच्या काळात हिंदुस्थानात यायला निघालेली गोरी कुटुंबं लंडनच्या दुकानातून अशा पेट्या बरोबर घेत. तापावर कुइनाइन, उन्हाच्या चक्करीवर हुंगायचे क्षार, दंतमंजन, मुंग्या मारायची पूड, सगळं त्यात असे. अकरा बाटल्या रिकाम्या होत्या. बारावी भरलेली होती आणि तिच्या बुचावर लाल लाखेचं सील शाबूत होतं. लेबलवर गुबगुबीत झोपलेलं बाळ आणि खाली नाव, नर्स पेंडलटनचं इन्फंट कॉर्डियल.

आशालताबाईंनी बत्तीस वर्षं सरकारी इस्पितळाच्या बालरुग्ण विभागात काढली होती. लेबलवरचे बारीक अक्षरातले घटक त्यांनी चष्मा पुसून वाचले आणि मुलाला सांगितलं, की ही अफू आहे, साखरेत आणि बडीशेपेत कालवलेली. दहा महिन्यांचं मूल असलेल्या घरात ही नको. इंद्रजीत हसला. कपाटाला कुलूप आहे, बाटलीला सील आहे, आणि वस्तू दीडशे वर्षांची आहे, म्हणाला. सून चारुता लॅपटॉप उघडून बसली होती. तिला सोमवारच्या मीटिंगची तयारी करायची होती.

नातीला, आभाला, दिवसा रोशनी सांभाळायची. पंचविशीची, खाडीकाठच्या गव्हाणहून बसनं येणारी, कमी बोलणारी मुलगी. तिची स्वतःची सव्वा वर्षाची लेक सासूजवळ असायची. आशालताबाई गुडघ्यांमुळे उचलाउचल करू शकत नव्हत्या, म्हणून ती हवी होती.

त्या आठवड्यात आभा शहाणी झाली. दुपारी तीनला झोपली की साडेसहाला उठायची. दाताची किरकिर थांबली. चारुता खूश होती. आशालताबाई नव्हत्या. बुधवारी त्यांनी पाळण्याशी बसून घड्याळ लावलं आणि श्वास मोजले. मिनिटाला सोळा. या वयाच्या मुलाचे तीसच्या आसपास हवेत. पापणी उचलून पाहिली तर बाहुली टाचणीच्या टोकाएवढी. तोंडाला बडीशेपेचा गोडसर वास येत होता.

आभा दोन दिवस इस्पितळात होती. तपासणीत अफूचा अंश निघाला. डॉक्टरांनी विचारलं, घरात मुलाजवळ कोण असतं?

उत्तर एकच होतं.

कपाटाचं कुलूप जसंच्या तसं होतं. बाटलीचं सीलही. मग रोशनीनं बाहेरून काही आणलं असणार, असं चारुता म्हणाली, आणि आशालताबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. वॉर्डात अशी मुलं त्यांनी पाहिली होती, कामाला जाणाऱ्या बायांनी झोपवून ठेवलेली. त्यांनी रोशनीची पिशवी ओढून घेतली आणि सोफ्यावर पालथी केली. डबा, कंगवा, किल्ली, लहान मुलाचे मोजे.

"कुठे ठेवलंयस ते?" त्यांनी विचारलं.

"मी काय पाजलं नाय, आजी."

"तुमच्या लोकांना हेच जमतं. पाजायचं आणि निवांत बसायचं."

रोशनीनं एकेक वस्तू पिशवीत भरली. मोजे शेवटी उचलले. दाराशी चपला घालताना ती एकदाही मागे वळली नाही.

नंतरचे दिवस आशालताबाई स्वतः आभाजवळ बसल्या. दाराला आतून कडी. दूध त्या करायच्या, वरण त्या भरवायच्या. मात्र मंगळवारी कपाटाजवळून जाताना त्यांना बाटलीतलं औषध कमी झालेलं दिसलं. कुलूप काढून, वॉर्डातल्या सवयीनं त्यांनी बाटलीवर चिकटपट्टी लावून पेनानं रेघ मारली आणि कपाट पुन्हा बंद केलं. बुधवारी पातळी रेघेच्या एक बोट खाली होती. सीलला तडासुद्धा नव्हता.

गुरुवारी दुपारी त्या पाळण्याला खुर्ची टेकवून बसल्या. घरात त्या दोघीच. खाली रस्त्यावर एक कंटेनर मागे घेताना बीप बीप करत होता. आभा प्लास्टिकचं कडं चावत होती.

तीन वाजून दहा मिनिटांनी तिनं कडं सोडलं.

तिनं मान उजवीकडे वळवली. तिथे फक्त भिंत होती. ओळखीचं कुणी दिसावं तशी ती हसली आणि तोंड उघडलं.

तिचा खालचा ओठ दबला. चमच्याच्या कडेनं दाबावा तसा, मधोमध.

तिनं गिळलं. ओठाच्या कोपऱ्यात तपकिरी थेंब आला.

आशालताबाईंनी त्या रिकाम्या जागेत हात घातला. हाताला काहीच लागलं नाही. फक्त तो हात कुणीतरी हळूच बाजूला सारला. वॉर्डात औषध पाजताना मध्ये आलेल्या नातेवाइकाचा हात त्या स्वतः सारत, तितक्याच सवयीनं.

आभा पुन्हा तोंड उघडत होती.

त्यांनी तिला उचललं. गुडघे कळवळले तरी उचललं, आणि शेजारच्या फ्लॅटमधल्या बाईंच्या मांडीवर नेऊन ठेवलं. तिला जागी ठेवा, झोपू देऊ नका, चारुताला फोन करा, म्हणाल्या. मग परत येऊन कपाटाचं कुलूप उघडलं. पेटी बाहेर काढताना मखमलीखालून एक घडी घातलेला कागद पडला. गिऱ्हाइकांसाठी सूचना, जुन्या इंग्रजीत. त्यांनी तो उभ्यानं वाचला. औषध अत्यंत निर्धोक आहे. ते मडमेनं स्वतः द्यावं. मूल जास्त गुंगल्यास दोष औषधाचा समजू नये. प्रथम आयेची झडती घ्यावी, ही माणसं निवांत बसण्यासाठी पाजतात.

शेवटचं वाक्य त्यांनी दोनदा वाचलं. त्यांचे कान तापले. लंडनमधल्या कुणा व्यापाऱ्यानं किती आयांना रस्त्यावर काढलं असेल, किती जणींनी चाबूक खाल्ला असेल, आणि बाटल्या खपतच राहिल्या असतील. त्यानं हे सगळं आधीच छापून ठेवलं होतं. आणि दीडशे वर्षांनी, न वाचता, त्यांनी ते तोंडपाठ म्हटलं होतं.

बेसिनमध्ये ओतलं तर ते घरातच राहील असं त्यांना वाटलं. पेटी चादरीत गुंडाळून त्यांनी रिक्षा केली. उरणच्या रस्त्यानं गव्हाणजवळ, खाडीवरच्या लहान पुलावर रिक्षा थांबवली. बाटली कठड्यावर आपटून फोडली आणि पेटी काचांसकट पाण्यात लोटली. भरती चढत होती. पेटी बुडेपर्यंत त्या तिला शिव्या देत उभ्या राहिल्या. रिक्षावाला आरशातून बघत होता.

इंद्रजीत दोन दिवस पेटीवरून धुसफुसत राहिला. पण आभा दातांसाठी पुन्हा घर डोक्यावर घेऊ लागली, आणि आशालताबाईंना तो आवाज पुरेसा होता.

सोमवारी दुपारी त्या गव्हाणला गेल्या. रोशनीचं घर त्याच खाडीच्या अंगाच्या आळीत होतं. ती पडवीत सुकट निवडत बसली होती. या म्हणाली नाही.

"चूक माझी होती," आशालताबाई उभ्यानंच म्हणाल्या. "तू काही पाजलं नव्हतंस."

"ते मला ठावं हाय."

"मी बोलले ते फार वाईट बोलले. तू कामावर परत ये असं म्हणायला आले नाही. एवढंच सांगायला आले."

रोशनी सुकट निवडत राहिली. "माजी पिशवी उलटी केली तवा तुमी पोरीचे मोजे बगितले ना? तिला पन मी असंच पाजत असंन, असं वाटलं तुमाला."

 आतून रोशनीची सासू ठमाबाई पदराला हात पुसत आली आणि तोंडावर बोट ठेवलं.

"हळू बोला, बाई. पोर निजलीय." मग कौतुकानं म्हणाली, "आमच्या आळीत चार दिस झालं, एक पोर रडलं नाय. समदी लई गुनी झालीत."

रोशनीचे हात थांबले. तिनं आशालताबाईंकडे पाहिलं.

आशालताबाईंनी आळीत नजर टाकली. उन्हामुळे सगळ्यांची दारं उघडी होती आणि प्रत्येक दारातून आत आढ्याला टांगलेली लुगड्याची झोळी दिसत होती. वारा पडला होता. सगळ्या झोळ्या एकाच लयीत हलत होत्या, आणि एकाही दोरीला कुणाचा हात नव्हता.