छपरावरून एक फेरी

टपाल वाटत ती गल्लीत वळली आणि एक छोटंसं हेलिकॉप्टर भिरभिरत येऊन तिच्या पिशवीवर आदळलं. मागोमाग कोपऱ्यावरच्या दुकानातला दुरुस्तीवाला रिमोट घेऊन धावत आला.

"लागलं का?"

"मला नाही. पत्रांची माफी मागा."

त्याने खरंच वाकून पिशवीची माफी मागितली. ती हसली… कित्येक महिन्यांनी.

"याच्या पोटाला काय लावलंय?"

"कॅमेरा. वरून चित्रण होतं."

तिला बाबा आठवले. छपरं घालण्यात त्यांची हयात गेली आणि आता ते अंथरुणाला खिळले होते. डॉक्टरांनी हात टेकले होते. जुन्या गिरणीचं छप्पर त्यांनी ऐन पंचविशीत घातलेलं. ते एकदा उंचावरून अख्खं बघायचं, एवढीच त्यांची इच्छा उरली होती. आणि येत्या सोमवारी गिरणी पाडणार होते.

मग काय, काम सुटलं की हेलिकॉप्टर उडवायला शिकण्यासाठी तिचे पाय आपसूक त्याच्या दुकानाकडे वळू लागले.

"नाक तुझ्याकडे असलं की डावं-उजवं उलटं होतं," तो शिकवायचा. "गोंधळलीस तर रिमोट माझ्या हातात द्यायचा."

"रिमोटच ना?"

"सध्या… रिमोटच."

बोटाला बोट लागायचं आणि हेलिकॉप्टर उगीचच डगमगायचं.

रविवारी आभाळ दाटलेलं होतं. ती गिरणीच्या रखवालदाराची परवानगी घेऊन आली, तोवर त्याने हेलिकॉप्टर तयार ठेवलं होतं. तिने कॅमेऱ्याचं बटण दाबलं आणि ते उडवलं. तिची नजर हेलिकॉप्टरवरून हलली नाही. गिरणीवरून पूर्ण एक फेरी झाली! उतरवून तिने पुन्हा बटण दाबलं. तेवढ्यात सर आली. त्याने हेलिकॉप्टर शर्टाखाली घेतलं आणि दोघं पळत सुटले.

सोमवारी सकाळीच गिरणी जमीनदोस्त झाली. दुपारी तो कॅमेरा आणि वायर घेऊन तिच्या घरी आला आणि त्याने कॅमेरा टीव्हीला जोडला. तिने बाबांना उशीला टेकवून बसवलं.

पडद्यावर त्याचाच भलामोठा चेहरा आला. स्क्रू आवळता आवळता स्वतःशीच बोलत होता. "आज काम झालं की ही कशाला येईल दुकानात? एखादा स्क्रू ढिला ठेवू? …छे! आवडते ती मला, पण तिच्या बाबांचं छप्पर आहे."

मग तिचा अंगठा दिसला. मग एकदम गवत, पावसाचे थेंब. बस्स.

"छप्पर कुठंय?" बाबांनी विचारलं.

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "मी बटण आधीच दाबून ठेवलं होतं. तुझी धांदल नको म्हणून."

"आणि मी परत दाबलं…"

म्हणजे उडताना कॅमेरा बंद होता आणि उतरल्यावर चालू झाला.

"असू दे," बाबा म्हणाले. "तू तर पाहिलंस ना? कसं होतं?"

खोटं बोलणं सोपं होतं. पण ते तिच्या जिभेवर येईना.

"नाही बाबा. मी खालीच होते."

"मग कुणीच नाही पाहिलं." त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

वायर गुंडाळून, पिशवीत भरून तो दारापर्यंत गेला. ती मागोमाग आली.

"माझ्यामुळे झालं…"

"दोघांमुळे." ती दाराच्या आड उभी राहिली. "आता दुकानात यायला मला काही कारण नाही. तरी मी येणार. आवडतोस मला… पण आज जाऊ नकोस. मला एकटीला त्यांच्यासमोर बसवणार नाही."

त्याने पिशवी खाली ठेवली. दोघं आत जाऊन बाबांच्या पाठीशी बसले. बाबांनी भिंतीकडचं तोंड वळवलं नाही, पण थोडं सरकून जागा करून दिली.