शेवटचा झोत

दार उघडलं आणि उजेडाची एक पट्टी सरळ चारशे बियांवर पडली.

"दार लावा आधी," ती ओरडली.

दार लागलं, पण वायरमन आतच राहिला. प्रयोगशाळेच्या त्या अंधाऱ्या खोलीत एकच मिणमिणता हिरवा दिवा होता. त्या उजेडात, खांद्यावर शिडी घेतलेला तो चांगला धडधाकट माणूसही आजारी दिसत होता.

"पंखा बघायला सांगितलंय," तो म्हणाला. "लाईट लावू का?"

"लावून तर बघा. शिडीसकट बाहेर काढेन."

"मग पंखा अंदाजानेच बघतो, मॅडम."

लेट्यूसच्या चारशे बिया गेल्या, आठवड्याची मेहनत गेली, आणि तिला राग यायचा तर हसू आलं. सगळा घोटाळा तिथेच झाला, असं ती पुढे वहिनीला सांगायची.

भरपाई म्हणून त्याने तिच्या प्रयोगाच्या दोन दिव्यांना टायमर बसवून द्यायचं कबूल केलं. काम एका दिवसाचं. त्याने ते तीन आठवडे पुरवलं. हिरव्या उजेडात धड काही दिसायचं नाही, त्यामुळे पक्कड देताना बोटांना बोटं लागायची... चुकून, असं दोघंही म्हणायचे. "तुम्ही"चं "तू" असंच कधीतरी चुकून झालं.

"या बियांना खरंच कळतं?" एकदा त्याने विचारलं.

"उजेड कळतो, हा हिरवा सोडून. लाल झोत मिळाला की बी समजते, वर मोकळं आकाश आहे, उगवायला हरकत नाही. हा दुसरा दिवा बघ, गडद लाल, डोळ्याला जेमतेम दिसतो. तो मिळाला की ती समजते, वर दुसऱ्या झाडांची सावली आहे. मग थांबते."

"आधी लाल, मग गडद, मग परत लाल दिला तर?"

"उगवते. शेवटचा झोत कुठला, तेवढंच ती धरते. आधीचं सगळं पुसलं जातं."

"आमच्या आईसारखं. शेवटी बोलेल तो खरा." तो हसला. "म्हणजे दिवे बदलत राहिलं की ती मन बदलत राहणार?"

"नाही ना. शेवटच्या लाल झोतानंतर दहा-एक तास अंधारात गेले, की तिचं ठरलेलं असतं. मग तू कुठलाही दिवा लाव, ती ऐकत नाही."

"मग तुझ्यापेक्षा बी बरी. तू मघापासून चहा की कॉफी तेच ठरवतेयस."

तिने त्याला पक्कड फेकून मारली. ती त्याने झेलली, आणि बराच वेळ परत दिली नाही.

सोमवारी तो एक फॉर्म घेऊन आला. दूरच्या एका गावात मोठं हॉस्पिटल बांधत होते, तिथे वायरिंगचं दोन वर्षांचं काम त्याला मिळालं होतं. कंत्राटदाराच्या फॉर्मवर एकच रकाना भरायचा राहिला होता: एकट्यासाठी खोली, की कुटुंबासाठी घर.

"शुक्रवारी दुपारी बारापर्यंत द्यायचाय," तो म्हणाला. "काय लिहू?"

सोमवारी ती "घर" म्हणाली. मंगळवारी म्हणाली, "पण माझे प्रयोग अजून चार महिने चालणार आहेत, खोलीच लिही." बुधवारी पुन्हा घर. घरी तिचा पाय ठरत नव्हता. खिडकी उघडायची, लावायची, परत उघडायची. "पायाला भिंगरी लागलीय का तुझ्या?" वहिनीने शेवटी विचारलंच. "निवडलेली भाजी परत निवडतेयस."

गुरुवारी ती त्याला म्हणाली, "पण तिथे येऊन मला इथलंच आठवत राहिलं तर? नको. नाहीच जमणार मला."

तो फक्त "बरं" म्हणाला. भांडला असता तर चाललं असतं. त्या "बरं"ने तिला रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर केलं.

शुक्रवारी सकाळी आठला तिने दोन बशा उघडल्या. पहिलीला सात झोत दिलेले, आलटून पालटून, शेवटचा लाल. जवळजवळ प्रत्येक बीला पांढरं टोक फुटलेलं. दुसरीलाही तेच सात, वर आठवा गडद लाल. त्या बशीत शुकशुकाट. बिया एकाच पाकिटातल्या, फरक एका झोताचा. तिने मोजून वहीत आकडे लिहिले, आणि मग तिच्या लक्षात आलं. तिचा स्वतःचा शेवटचा झोत "नाही" होता.

ती धावत सुटली. तो खालच्या मजल्यावर फ्यूजची पेटी उघडून बसला होता.

"फॉर्म भरलास?"

"भरला. खोली. पेन्सिलीने लिहिलंय."

"खोड ते. घर लिही." तिला धाप लागली होती. "प्रेम आहे माझं तुझ्यावर, हे आधीच सांगायला हवं होतं. प्रयोग संपवून चार महिन्यांनी येते. तोवर घर तू एकट्याने झाडायचंस. पण—"

त्याने स्क्रूड्रायव्हर तिच्या ओठांसमोर आडवा धरला.

"शेवटचा झोत कुठला होता?"

"...लाल."

"आता साडेआठ वाजलेत. साडेसहापर्यंत अंधार. एक शब्द नाही."

तिने तोंड उघडलं, आणि मिटलं. बारा वाजता ती कंत्राटदाराच्या ऑफिसात त्याच्या शेजारी बसली. त्याने पेनाने "घर" लिहिलं.

"बाई बोलत नाहीत का?" कंत्राटदाराने विचारलं.

"भरपूर बोलतात. आज अंधारात ठेवल्यात."

टेबलाखालून तिने त्याला चिमटा काढला. दिवसभर शंभर "पण" तिच्या घशापर्यंत आले. चार वाजेपर्यंत ती जिने चढत-उतरत राहिली, आणि नंतर केव्हातरी पायरीवर नुसतीच बसून राहिली.

साडेसहाला तो तिच्याजवळ येऊन बसला. "बोल आता," तो म्हणाला, आणि श्वास रोखून त्या "पण"ची वाट बघू लागला. त्याच्या पुढे काय होतं, ते ती प्रामाणिकपणे आठवायला लागली.

"सकाळी अंधाऱ्या खोलीचं दार उघडंच टाकून आले मी," ती म्हणाली.

तो ताडकन उठला. "मग? बिया गेल्या?"

"बस." तिने त्याचा हात धरून त्याला खाली ओढलं. "उगवलेल्यांना काही होत नाही. त्यांचं ठरलंय."

"आणि तुझं?"

"सकाळपासून त्यांच्याच बशीत होते मी," ती म्हणाली, आणि त्याचा हात सोडला नाही.