सोबतीला कोण?

तिच्या पत्राला त्याने उत्तर दिलं नव्हतं. पत्र टेबलावर दिव्याखाली पडून होतं आणि त्यातली ओळ न् ओळ त्याला पाठ झाली होती.

‘फोनवर तुम्ही नुसतं हं म्हणता,’ तिने लिहिलं होतं, ‘ते हं होकाराचं की नकाराचं, मला कळत नाही. म्हणून लिहिते आहे. माझ्या घोट्याचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात ठरलंय. तुमच्यासारखंच, सकाळी करून संध्याकाळी घरी सोडतील. सोबतीचं माणूस म्हणून मी तुमचं नाव सांगितलंय. पण आधी हे वाचा. मागच्या वेळी माझं हाड जुळलं नव्हतं. याही वेळी नाही जुळलं तर पाय वाचवता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. म्हणजे एका रात्रीची सोबत लांबू शकते. फार लांबू शकते. दया म्हणून येणार असाल तर येऊ नका. दुसऱ्या कशासाठी येणार असाल... तर तसं लिहा.’

दुसऱ्या कशासाठी... इथे आलं की तो दर वेळी उठायचा आणि उगाचच खिडकीशी जाऊन उभा राहायचा. बाहेर पाहण्यासारखं काही नसायचं. ओला रस्ता, समोरची बंद दुकानं, दिव्याच्या खांबावरून निथळणारं पाणी.

सगळा जन्म त्याने छापखान्यात मुद्रितं तपासण्यात घालवला होता. दुसऱ्यांची वाक्यं सरळ करता करता स्वतःचं एक वाक्य लिहायचं राहून गेलं होतं. आता रोज संध्याकाळी तो कागद घेऊन बसे. ‘येतो’ लिही, फारच तुटक वाटे, खोडी. ‘आनंदाने येईन’ लिही. कुणाच्या पायाचं ऑपरेशन आणि आपल्याला आनंद? खोडी. ‘अवश्य येईन’ म्हणजे तर लग्नाच्या आमंत्रणाला दिलेलं उत्तर. तेही खोडी. शेवटी कागदावर तिचा पत्ता तेवढा उरायचा.

ओळख झाली होती ती हॉस्पिटलच्या वेटिंग रूममध्ये. आपल्या घोट्याच्या ऑपरेशनआधीच्या चौकशीला तो गेला होता. टेबलामागची सिस्टर मान वर न करता विचारत होती आणि लिहीत होती.

“सोबतीला कोण?”

“कुणी नाही.”

“कुणी नाही असं चालत नाही, काका. इथे रात्री ठेवून घेत नाही आम्ही. तुमच्या अंगात गुंगी असणार, पाय दुसऱ्या दिवसापर्यंत बधिर असणार. घरी नेणारं आणि रात्रभर जवळ राहणारं माणूस नसेल तर डॉक्टर हात लावणार नाहीत. मुलगा? सून?”

“लग्नच केलं नाही.”

“भाऊ, वहिनी?”

“दोघंही गेले. पुतण्या आहे... पण तो म्हणतो, सकाळी येऊन जाईन.”

“मग घरात आहे तरी कोण?”

“पुस्तकं आहेत,” तो म्हणाला, आणि तोंडातून शब्द गेल्यावर त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मागच्या खुर्चीत कुणीतरी हसलं. “बरंय की. पाय उंच ठेवायला जाडजाड पुस्तकं उपयोगी पडतील.”

त्याने वळून पाहिलं. पिकलेले केस घट्ट बांधलेले, मांडीवर काठी आडवी, आणि डोळ्यांत असं काही, की त्याने लगेच नजर आपल्या बुटांकडे वळवली. ती शिवणाचा क्लास चालवायची. पायाचं मशीन मारून मारून, त्यात एकदा जिन्यावरून पडून, घोट्याची वाट लागली होती. एकदा ऑपरेशन होऊन फसलंही होतं. सोबतीचा प्रश्न तिच्याही समोर होताच. भाची होती, पण ती नुकतीच बाळंत झालेली.

“आता एकमेकांची नावं सांगू नका बरं का,” सिस्टर हसत म्हणाली. “दोघांना एकच तारीख दिलीय.”

“मग माझी पुढे ढकला,” ती म्हणाली. “माझा पाय इतकी वर्षं कुरकुरतोय, आणखी थोडा कुरकुरेल. यांचं आधी उरका. यांचं माणूस मी.”

“अहो, पण...” तो.

“बाई, तुम्हालाच धड चालता येत नाही,” सिस्टर.

“पायाची बोटं बघायची आणि वेळ पडली तर तुम्हाला फोन करायचा. त्यात चालायचं काय आहे?”

सिस्टरने पेन उचललं. “नातं काय लिहू?”

“वेटिंग रूममधलं,” ती म्हणाली.

तेव्हा तो पुन्हा “अहो, पण” एवढंच म्हणाला. तिने तेवढ्यावरून त्याला नाव देऊन टाकलं. “चला, अहोपण,” ऑपरेशनच्या दिवशी ती टॅक्सीचं दार उघडून म्हणाली, “सांभाळून बसा. दोघांत मिळून दोनच धड पाय आहेत.”

टॅक्सीत त्याला स्वतःचा पाय परका वाटत होता. गुडघ्यामागे सुई देऊन तो बधिर केलेला, वर पांढरं जाडजूड प्लास्टर, आणि त्यातून डोकावणारी पाच बोटं, जणू दुसऱ्याच कुणाची. घराच्या पायऱ्या त्याने बसून, उलटा सरकत सरकत चढल्या. ती काठी टेकत मागे उभी होती. “लाजू नका, मी बघत नाहीये,” म्हणत होती आणि बघत होती.

मग संध्याकाळभर एकच काम. पाय उशांवर उंच, आणि थोड्या थोड्या वेळाने ती एकेक नख दाबून बघायची. नख पांढरं पडायचं, मग हळूहळू गुलाबी व्हायचं.

“रक्त येतंय,” ती म्हणायची. “अंगठा हलवा.”

“हलवतोय.”

“कुठे? तो तर ढिम्म आहे.”

“मनात हलवतोय.”

ती हसायची. तिची बोटं त्याच्या बोटांवर असायची — शिवणाने टोकं टणक झालेली बोटं — आणि त्याला त्यातलं काहीच कळत नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा एक बाई त्याचा पाय हातात घेऊन बसली होती, आणि तो तिथे नव्हताच. त्याने पुस्तक उघडून तोंडासमोर धरलं. पान काही उलटलं नाही.

“सरळ धरा,” ती म्हणाली. “उलटं आहे.”

उजाडता उजाडता बधिरपणा उतरला. आधी मुंग्या, मग घोट्यात कुणीतरी खिळा ठोकावा तशी कळ. आणि त्या कळेबरोबर, कळेच्याही पलीकडून, ऊब. तिचा हात. बहुधा बराच वेळ तो तिथे होता.

“दुखतंय?”

“हो.”

तिने गोळी दिली, पाणी दिलं, आणि पुन्हा हात तिथेच ठेवला. खिडकी राखाडी झाली होती. गोळी लागू पडली, कळ ओसरली.

“अजून दुखतंय?”

“हो,” तो खोटं बोलला. ती हात काढून घेईल ही भीती वाटली.

सकाळी पुतण्या आला, चहा झाला, ती गेली. पुढचे आठवडे तो प्लास्टरमध्ये आणि ती फोनवर. ती क्लासातल्या मुलींच्या गमती सांगायची आणि तो हं म्हणायचा. त्या एकेका हंमध्ये त्याचं केवढं तरी असायचं. पण ते पलीकडे पोचत नव्हतं, हे तिचं पत्र आलं तेव्हा कळलं.

उत्तर न देण्यामागे केवळ शब्दांची ओढाताण नव्हती. तिने तारीख सोडली होती ती त्याच्यासाठी. त्या थांबण्यात तिचं हाड आणखी झिजलं असलं तर? मग तो जाणार ते प्रेमाने की अपराधाने? तिने विचारलं तर काय सांगायचं? आणि समजा पाय गेलाच, तर आपण तिला उचलून धरू शकू? आपण... ज्याला साधं दूध तापवताना भान राहत नाही? तिला कुणीतरी बरं माणूस मिळेल, असं तो स्वतःला सांगायचा. भाची येईल. भाची नक्की येईल.

त्याचं प्लास्टर निघालं त्या दिवशी सिस्टरने त्याला फरशीच्या रेघेवरून चालवून पाहिलं. “छान. आता बाईंचंही असंच होऊ दे म्हणायचं. पण त्यांची तारीख बहुतेक जाणार.”

“जाणार म्हणजे?”

“सोबतीच्या माणसाने होकार दिलेला नाही ना.”

“त्यांची भाची...”

“भाची यायला तयार आहे. मीच फोन केला होता. बाईच ऐकत नाहीत. म्हणतात, नाव एकच आहे, ते येणार नसतील तर राहू दे ऑपरेशन.” सिस्टर त्याच्याकडे रोखून पाहत होती. “काका, ते हाड आता थांबणाऱ्यातलं नाही. मी जास्त बोलत नाही. पण उशीर कुणामुळे व्हावा आणि कुणामुळे होऊ नये, हे तुम्ही शिकलेली माणसं...”

“आधीच उशीर झालाय का? माझ्यामुळे... त्यांनी तारीख बदलली म्हणून?”

“ते तुम्ही डॉक्टरांना विचारायला हवं होतं. इतके दिवस स्वतःलाच विचारत बसलात?” तिने उसासा टाकला. “तेव्हाच्या आणि आताच्या एक्स-रेमध्ये फरक नाही. पुढे पडेल. करा फोन.”

“फोनवर मला जमत नाही,” तो म्हणाला. “एक कागद द्याल?”

वेटिंग रूममध्ये गर्दी होती. एका आजोबांना त्यांची सून जोरजोरात काहीतरी समजावत होती, पंखा कुरकुरत होता. तो कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसला, मांडीवर एक जुनं मासिक घेतलं, त्यावर कागद ठेवला.

‘येतो,’ त्याने लिहिलं. ‘दया नाही. दुसरं आहे. त्याला या वयात काय म्हणायचं ते मला ठाऊक नाही, पण त्या पहाटे मला दुखत नव्हतं तरी मी दुखतंय म्हणालो, ते त्याच्याचमुळे. मला पुष्कळ गोष्टी जमत नाहीत. झोप लागेल, हातून कप फुटेल, तुम्ही रडलात तर काय बोलावं ते सुचणार नाही. पाय राहिला तर तुमच्याबरोबर चालेन. नाही राहिला तर तुमच्याबरोबर बसेन. बसायची मला सवय आहे.’

खाली नाव लिहिण्याऐवजी त्याने ‘अहोपण’ लिहिलं, आणि कानाच्या पाळ्या तापल्या.

सिस्टरने पाकीट दिलं, तिकीट दिलं. “वाचून बघणार नाही एकदा?”

“नको,” तो म्हणाला. “वाचलं की टाकायचं राहील.”

बाहेर भुरभुर पाऊस लागला होता. टपालपेटी रस्त्याच्या पलीकडे होती. छत्री नव्हती. पाकीट कोटाच्या आत धरून, नव्या घोट्यावर जपून भार टाकत, तो रस्ता ओलांडून गेला. पेटीच्या तोंडात पत्र अर्धं सरकवलं आणि तसाच उभा राहिला. मागे कुणीतरी आपलं पत्र घेऊन थांबलं होतं.

“काका, टाकताय ना?”

“हो,” तो म्हणाला, आणि त्याने पत्र सोडलं.