गाळाखालची कडी

बेटावरच्या जुन्या दीपगृहापर्यंत आजवर माणसं होडीनेच गेली होती. चाकांवर कोणी गेलं नव्हतं. ते आपण जायचं, असा बेत होता आणि तो ताईंचा होता. ओहोटीला समुद्र मागे हटला की किनाऱ्यापासून बेटापर्यंत नऊ किलोमीटर गाळ उघडा पडतो. कुठे फरशीसारखा घट्ट, कुठे लोण्यासारखा मऊ. साडेनऊला पाणी परत येतं. तेवढ्यात जायचं, दीपगृहाच्या भिंतीशी गाडी उभी करून फोटो काढायचा आणि मुकाट्याने माघारी फिरायचं.

ताई म्हणजे तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या बाई. भरती-ओहोटीचं कोष्टक त्यांना पाढ्यांसारखं पाठ होतं. त्यांच्या शेजारी त्यांचा धाकटा भाऊ. तो वेल्डर होता. त्याला सगळे ठिणगी म्हणत, आता तर त्याची बायकोही तेच म्हणायला लागली होती. त्यांची गाडी अकरा वर्षांची, ठोकून ठोकून सरळ केलेली. तिच्या मागून येणार होती कंपनीची कोरी करकरीत गाडी आणि ती चालवणार होते कंपनीचे साहेब.

कंपनीला नवं मॉडेल काढायचं होतं. गाडी वापरणाऱ्यांना तिच्यात काय सुधारून हवं आहे, हे त्यांच्याबरोबर रानावनात फिरून समजून घ्या, असा साहेबांना हुकूम होता. चाळीस प्रश्नांचा कागद घेऊन ते आले होते. निघण्याआधी किनाऱ्यावर थर्मासमधला चहा घेताना त्यांनी तो ताईंपुढे धरला.

"चाळीस कशाला? एकच लिहा," ताई म्हणाल्या. "ओढायची कडी वर द्या. बंपरच्या वर, डोळ्यांना दिसेल अशी. गाडी रुतली की तुमची कडी गाळाखाली जाते. बुडणारा माणूस हात वर करतो, आणि तुम्ही त्याचा हात खाली बांधून ठेवलाय."

"मी अकरा जणांना वर कडी जोडून दिली," ठिणगी म्हणाला. "तर प्रत्येकाला कंपनीचं पत्र. अनधिकृत बदल, वॉरंटी रद्द. खाली सही अशी, की झुरळ शाईत बुडून कागदावरून पळालंय."

साहेबांनी कप तोंडाला लावला. ती सही त्यांचीच होती.

आणि सहीचं एक वेळ चाललं असतं. त्याहून वाईट गोष्ट वेगळीच होती. कंपनीत आलेलं प्रत्येक तक्रारपत्र आधी साहेबांच्या टेबलावर येई आणि तिथे त्यांनी स्वतः एक नियम घालून दिला होता: अडकला तो चुकला. मऊ चिखलात गाडी नेऊ नये, असं माहितीपुस्तिकेत छापलं होतंच. म्हणून 'माझी गाडी चिखलात रुतली तेव्हा' अशी सुरुवात असलेलं पत्र सरळ 'चालकाची चूक' लिहिलेल्या खोक्यात जाई. वर्षभरात तक्रारी निम्म्यावर आल्या. साहेबांना काचेच्या दाराची खोली मिळाली. आता कडीचं दुखणं ज्यांना ठाऊक, ते सगळे रुतलेले; आणि रुतलेल्यांची पत्रं खोक्यात. उरली ती कधी डांबरी रस्ता न सोडणाऱ्यांची. त्यांना गाडीत रस्ता दाखवणारा मोठा पडदा आणि कप ठेवायला जागा हवी होती. कंपनीने ती दिली. खोक्यात मात्र दोनशेच्या वर पत्रं साठली होती आणि ती साहेबांनी वाचली होती. वाचली नसती तर बरं झालं असतं, असं त्यांना हल्ली वाटे.

सकाळी सातला गाड्या निघाल्या. पहिले पाच किलोमीटर मजेत गेले. पायाखाली समुद्राचा तळ, त्यावर पाण्याने उमटवलेल्या बारीक वळ्या, चाकांची चाहूल लागताच बिळात पळणारे खेकडे आणि समोर हळूहळू वाढत जाणारं पांढरं दीपगृह! साहेबांनासुद्धा क्षणभर सगळं विसरायला झालं. मग पुढे काळपट पट्टा दिसला. ताईंनी लांबून वळसा घेतला आणि वायरलेसवर सांगितलं, "माझ्या चाकोरीतूनच या. आडवे घुसू नका."

साहेबांच्या पडद्यावर हिरवा दिवा होता. पुढे रस्ता योग्य, असं पडदा सांगत होता. साहेब आडवे घुसले.

गाडी वीसेक हात गेली. मग पुढची चाकं बसली. साहेबांनी वेग दिला. चाकं आणखी बसली! बघता बघता बंपर गाळाला टेकला आणि चिखलाची चिळकांडी काचेवर आली.

ताई गाडी मागे घेत कडक जागेपर्यंत आल्या. ठिणगी दोर आणि एक लांब फळी घेऊन धावला. फळी त्याने बंपरखाली आडवी सरकवली आणि स्वतः रुतू नये म्हणून तिच्यावर पालथा पडला.

"साहेब, कडी चालकाच्या बाजूला की पलीकडे?"

साहेबांनी पुस्तिका उघडायला हात घातला, पण यंदापासून पुस्तिका पडद्यातच दिली होती आणि पडद्यावर एकच ओळ दिसत होती: कृपया अधिकृत सेवा केंद्राशी संपर्क साधावा. सर्वांत जवळचं सेवा केंद्र दीडशे किलोमीटरवर होतं.

कडी कुठे आहे, हे साहेबांना माहीत नव्हतं. कडीबद्दल दोनशे पत्रं वाचलेल्या या माणसाने एकदाही वाकून ती पाहिली नव्हती. पण दोघं त्यांच्याकडे बघत होती आणि सदऱ्यावर कंपनीचं नाव होतं. 'माहीत नाही' म्हणायला जीभ रेटेना.

"चालकाच्या बाजूला," ते म्हणाले. अगदी ठामपणे.

ठिणगीने खांद्यापर्यंत हात घातला. चाचपलं. गाळ उपसला, पुन्हा चाचपलं. पाच मिनिटं गेली, दहा गेली. "लागत नाही हो." "असेल तिथेच, जरा आत," साहेब म्हणाले. एकदा बोललेलं आता मागे कसं घ्यायचं? ठिणगीने हात आणखी आत सारला.

तेवढ्यात गाडी खचली. फार नाही, वीतभर. ठिणगीच्या तोंडून फक्त "ताई" एवढंच आलं. त्याचा हात बंपर आणि फळी यांच्यामध्ये सापडला होता.

ताईंनी जॅक आणला. जॅक लावताच बंपरचं प्लास्टिक करकरून फुटलं. पुन्हा लावला, तर जॅकच गाळात गेला. गाडी ओढावी, तर हात चिरडणार. दुसऱ्या कोणाला बोलवावं, तर इथे फोनला रेंज नव्हती. घड्याळात आठ वाजून दहा मिनिटं झाली होती.

"फळीखालचा गाळ काढा," ताई शांतपणे म्हणाल्या, पण त्यांचे ओठ पांढरे पडले होते. "फळी खाली बसली की हात सुटेल. मी या बाजूने, तुम्ही पलीकडून."

साहेब गाळात आडवे झाले आणि दोन्ही हातांनी उपसू लागले. ओंजळभर काढावा, तर अर्धी ओंजळ परत आत येई. शिंपल्यांनी बोटं फाटली. साडेआठ. नऊ. साडेनऊपर्यंत वेळ असेल असं त्यांना वाटत होतं. पण सव्वानऊलाच पोटाखाली गार लागलं. पाणी आलं होतं! लाट नाही, आवाज नाही. जमिनीतून पाझरावं तसं ते चहूकडून वर येत होतं. ठिणगीची हनुवटी फळीवर होती. पाणी फळीच्या काठाला लागलं.

"माझी पोरगी गाडी शिकतेय," ठिणगी मध्येच म्हणाला. "तिला सांगा, पहिल्या गिअरवर उगाच घाबरू नकोस."

"गप बस. तूच सांग घरी गेल्यावर," ताई म्हणाल्या आणि त्याचं डोकं वर धरून एका हाताने उपसत राहिल्या.

साहेबांनी खांद्यापर्यंत हात खुपसला आणि त्यांच्या बोटांना लोखंड लागलं. गोल, जाड, थंडगार. ती कडी होती. पलीकडच्या बाजूला, बंपरच्या आत टीचभर अंतरावर. हात घातल्याबरोबर सापडेल अशी! मग त्यांनी कडी सोडली आणि वेड्यासारखा गाळ उपसला. पाणी ठिणगीच्या ओठांना लागलं. पाण्याने गाळ पातळ झाला, फळीचं एक टोक ढिलं पडलं. साहेब त्या टोकावर गुडघे रोवून बसले आणि सगळा भार टाकला. फळी बसली! ताईंनी भावाला काखेत धरून मागे ओढलं आणि तो हातासकट बाहेर आला. मनगटाच्या वर हात नको तिथे वाकला होता.

दोर तिथेच पाण्यावर तरंगत होता. कडी कुठे आहे ते साहेबांना आता ठाऊक होतं. दोन मिनिटांत दोर अडकवता आला असता, कदाचित गाडी निघालीही असती. पण ताईंच्या गाडीची चाकंही निम्मी पाण्यात गेली होती.

"राहू दे ती गाडी," साहेब म्हणाले. "चला."

पाच किलोमीटर ताईंनी गाडी अशी हाणली, की दोन्ही बाजूंनी पाण्याच्या भिंती उठत होत्या. दीपगृहाकडे कोणी वळूनही पाहिलं नाही. किनाऱ्याच्या चढावर चाकं कोरड्या वाळूला लागली, तेव्हा ताईंनी इंजिन बंद केलं आणि स्टीअरिंगवर डोकं टेकून लहान मुलीसारख्या रडल्या.

ठिणगीचा हात दोन लाकडी पट्ट्यांमध्ये बांधताना साहेबांनी पत्रांबद्दल सांगितलं. खोकं, नियम, वॉरंटीवरची सही, सगळं. सांगताना त्यांना थोडं हलकंही वाटलं आणि त्याची लाज वाटली.

"कंपन्या अशाच असतात हो," ठिणगी डोळे मिटूनच म्हणाला. "तुम्ही निदान सांगितलंत तरी."

इथे थांबता आलं असतं. साहेबांनी फडक्याची गाठ मारली. पुन्हा सोडली, पुन्हा मारली.

"कडी पलीकडच्या बाजूला होती," ते म्हणाले. "मला माहीत नव्हतं. मी अंदाजाने सांगितलं."

ठिणगीने डोळे उघडले. त्याने साहेबांकडे बघितलं. रागाने बघितलं असतं तर साहेबांना सोसलं असतं.

"माहीत नाही, एवढं म्हणायचं ना," तो म्हणाला. "मी दोन्हीकडे हात घातला असता."

ताईंनी गाडी सुरू केली. दवाखाना चाळीस किलोमीटरवर होता. साहेब मागे बसून तो हात दोन्ही हातांवर तोलून धरत होते. खड्डा आला की ठिणगी कण्हत होता, आणि चाळीस किलोमीटरमध्ये खड्डे पुष्कळ होते.