मागचा माणूस

समताचं लग्न झालं त्या सालची ही गोष्ट. लग्न वैशाखात झालं, सोनाळ्याच्या विहारापुढं मांडव टाकून. ऊन असं होतं की वऱ्हाडी मंडळी मठ्ठ्याच्या ड्रमापासून हलायला तयार नव्हती. पोरगी दयाराम तायडेंची, एकुलती एक. जावई देवानंद अकोटच्या बाजूचा. बारावी शिकलेला, हसरा, आईबाप लहानपणीच गेलेले. दयारामांनी त्याला आपल्याच गल्लीत खोली पाहून दिली आणि पावसाळा ओसरल्यावर आपल्या कामात जोडीला घेतलं.

काम म्हणजे दरी दाखवायची. सोनाळ्याच्या उत्तरेला सातपुडा उभा राहतो. आत गेलं की चिरकुंडाची दरी लागते. दोन्ही अंगांनी काळे कडे, मध्ये नाला, आणि नाल्यावर एकावर एक धबधबे. सगळ्यांत वरचा जिथं पडतो तेच चिरकुंड. शेगावची, अकोल्याची, चिखलीची माणसं सुट्टीच्या दिवशी येत. दयारामांचं तरणेपण त्या दरीत गुरं चारण्यात आणि तेंदूपत्ता तोडण्यात गेलेलं. केस पांढरे झाल्यावर तीच दरी त्यांना पोसू लागली.

दरीत चालायची एक जुनी रीत आहे. वाट जिथं फुटते तिथं पुढचा माणूस चुकीच्या फाट्यावर पळसाची डहाळी आडवी टाकतो. मागून येणाऱ्यांनी ती ओलांडायची नाही. सगळ्यांत मागचा जो असेल तो ती डहाळी उचलून सोबत घेतो, म्हणजे आपल्या मागं कोणी उरलं नाही. शिवाय वळणावळणावर पुढचा हाक देतो, "आले का सगळे?" त्यावर बाकीच्यांनी तोंड उघडायचं नाही. एकट्या मागच्यानं म्हणायचं, "आलो." तो शब्द आला की पुढचा पाऊल उचलतो. मागचा बदलायचा असला तर नव्या माणसानं मागं थांबून आधी 'आलो' म्हणायचं. झालं. जो म्हणाला तो मागचा.

दयाराम कायम पुढं. देवानंदला त्यांनी मागचा केला.

दसऱ्यानंतरच्या रविवारी चिखलीचं एक कुटुंब आलं. सुधाकरराव कचेरीत कारकून, त्यांची बायको प्रतिमा, आणि कॉलेजात शिकणारी मुलगी आरोही. सुधाकररावांचे बूट नवे करकरीत होते.

"यांना घरचा जिना चढताना दम लागतो," प्रतिमाबाई म्हणाल्या, "आणि बूट बघा, हिमालयाचे."

"काही फिकर नाही ताई," देवानंद म्हणाला. "साहेब थकले तं मी पाठीवर घेतो. बूट तुम्ही घ्या."

सगळे हसले. दयारामही हसले. जावयाचा हा स्वभाव त्यांना आवडायचा. समता घरात गाणं गुणगुणायला लागली होती, ती याच्यामुळं.

जंगलखात्याच्या नाक्यावरचा राखणदार म्हणाला, आज तुम्हीच पहिले. त्यानं आडवा बांबू उचलला आणि ही मंडळी आत गेली.

पहिला धबधबा नेहमीसारखा होता. सालईच्या खोडांवर डिंक पाझरला होता, त्याचा वास हवेत होता. आरोहीनं फोटो काढले. दयारामांनी पहिल्या फाट्यावर डहाळी टाकली, पुढं जाऊन हाक दिली, मागून देवानंदचं "आलो" आलं.

दुसऱ्या धबधब्याच्या वर कातळाची सपाट पाथर आहे. ऊन थेट तिच्यावर पडतं, अनवाणी पाय ठेववत नाही. त्या पाथरीवर ओली पावलं उमटलेली होती. एकाच्या मागं एक, वरच्या अंगाला गेलेली.

"आपल्या आधी कोणीतरी गेलंय," सुधाकरराव म्हणाले.

"गुराखी असन," दयाराम म्हणाले.

पण ते थोडे थांबले. एवढ्या उन्हात ओलं पाऊल पाहता पाहता वाळतं. ही पावलं वाळत नव्हती. दयारामांनी आपलं पाऊल पाण्यात बुडवून शेजारी ठेवलं. बाटलीतलं पाणी पिऊन बूच लावेपर्यंत त्यांचं पाऊल नाहीसं झालं. शेजारची तशीच होती.

ते बाटली पिशवीत टाकून पुढं निघाले. परक्या माणसांना रानात घाबरवू नये.

पुढचा फाटा आला. दयाराम पळसाची डहाळी मोडायला वाकले, तर चुकीच्या वाटेवर डहाळी आधीच पडलेली होती. ताजी, पानं ताठ. ती पळसाची नव्हती. कडुनिंबाची होती. दरीत कडुनिंब नाही. कडुनिंब गावात असतो, अंगणात, विहिरीजवळ. इथवर तो कोणी आणायचा म्हटलं तर पार सोनाळ्याहून हातात धरून आणावा लागेल.

दयारामांनी आपली डहाळी टाकली नाही. वाट बरोबर बंद केलेली होती, वर दुसरी कशाला, असं त्यांना वाटलं. ते पुढं गेले. मागून येताना देवानंदनं रीतीप्रमाणं ती उचलली आणि आपल्या जुडीत खोचली.

त्यापुढच्या प्रत्येक फाट्यावर कडुनिंब होता.

चिरकुंडाला पोचले तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. धबधब्याचा आवाज एवढा की शेजारच्याशी ओरडून बोलावं लागे. सगळे कुंडाच्या काठी बसले. दयारामांच्या बायकोनं, जनकाबाईंनी बांधून दिलेली ज्वारीची भाकर आणि ठेचा निघाला. सुधाकररावांच्या डोळ्यांत पाणी आलं, तरी ते मागून खात होते. देवानंद थोडा अलीकडं, एका धोंड्याआड बाटल्या भरत होता.

दयारामांच्या तोंडात घास होता. तेवढ्यात हाक आली.

"आले का सगळे?"

धबधब्याच्या वरून आली. तिथं वाट नाही. सरळ कडा आहे, माकडंही तिकडून उतरत नाहीत. आणि एवढ्या पाण्याच्या आवाजात हाक अशी स्वच्छ ऐकू आली जशी घरात शेजारच्या खोलीतून यावी.

दयारामांनी घास गिळला नाही. जावयाला थांबवायला त्यांनी हात वर केला.

"आलो!" धोंड्याआडून देवानंद म्हणाला.

सवयीनं म्हणाला. पोराची काही चूक नव्हती. तसंच शिकवलं होतं.

मग वर हालचाल सुरू झाली. बसलेली पुष्कळ माणसं एकदम उठावीत तशी. दगड सरकले. कोणी खाकरलं. कोणी झटकून कपडा खांद्यावर टाकावा तसा आवाज झाला. मग पावलं, एकामागं एक, लांब जाऊ लागली.

"काका," आरोही त्यांच्या कानाशी येऊन म्हणाली, "वर कोण आहे?"

"कोनी नाही. चला, निघा."

"अहो, जेवण तरी होऊ द्या," प्रतिमाबाई म्हणाल्या.

"खाली जेवा ताई. आभाळ भरून येऊन राह्यलं."

आभाळात ढगाचं चिन्ह नव्हतं. प्रतिमाबाईंनी वर पाहिलं, मग दयारामांच्या तोंडाकडं पाहिलं, आणि डबा बांधला.

उतरताना पहिल्या वळणावर दयारामांनी हाक दिली, "आले का सगळे?" उत्तर नाही. वळून पाहिलं तर देवानंद सुधाकररावांच्या मागं उभा होता, जुडी काखेत, अगदी समोर.

"आवाज काऊन देत नाही बे?" लग्नानंतर जावयाला 'बे' म्हणायची त्यांची ती पहिलीच वेळ.

"देल्ला ना मामा," देवानंद म्हणाला. "मघाच देल्ला."

नाक्यापर्यंत त्यानं पुन्हा एकदाही 'आलो' म्हटलं नाही. नाक्यावर त्याच्या हातातली जुडी दयारामांनी हिसकून घेतली आणि नाल्यात फेकली. चिखलीची मंडळी गाडीत बसली. निरोप घेताना सुधाकरराव नुसतं "बरं" म्हणाले.

त्या दिवसापासून देवानंदचं बिघडलं. ताप नाही, दुखणं नाही. सरकारी दवाखान्यात रक्त तपासलं, सगळं ठीक निघालं. पण तो दारात आला की आत शिरत नसे. कडेला सरून उभा राही, आधी कोणाला तरी आत जाऊ द्यावं तसा. मग मागून येई. समतासोबत बाजारात निघाला तर तिच्या बरोबरीनं चालत नसे.

"मले वाटते माह्या अन् त्यायच्या मधात कोनी चालून राह्यलं," समता आईला म्हणाली. "मी थांबली की ते थांबते. पन माह्याजवळ येऊन नाही थांबत."

जेवण तुटलं. गालफडं बसली. रस्त्यानं जाताना तो मध्येच वाकायचा, काहीतरी उचलल्यासारखं करायचा आणि काखेत खोचायचा. हात रिकामाच असायचा.

गल्लीतल्या बेबीताईंनी जनकाबाईंना बाजूला घेतलं. "भगताले दाखवा वो. बाहेरचं दिसते."

"आमच्या घरात ते चालत नाही, बेबीताई," जनकाबाई म्हणाल्या. त्यांच्या भिंतीवर बावीस प्रतिज्ञा लावलेल्या होत्या. रात्री मात्र त्या नवऱ्याला म्हणाल्या, "अवो, पोरगी उद्या पांढऱ्या कपाळानं दारात उभी राहिली तं काय करता? दरीत तुम्हीच नेलं ना त्याले?"

 दयारामांचाही भगतावर विश्वास नव्हता, भुतावर नव्हता. पण दरीच्या रीतीवर होता. ती त्यांनी जन्मभर पाळली होती. आणि रीत एवढंच सांगत होती की देवानंद दुसऱ्या कोणाच्या तरी टोळीत मागचा म्हणून लागला आहे. ती टोळी अजून चालते आहे. मागचा बदलल्याशिवाय त्याची सुटका नाही.

कार्तिक लागला. पाणी कमी झालं तशी माणसं यायची बंद झाली. एका मंगळवारी सकाळी दयारामांनी समताच्या खोलीत डोकावलं. देवानंद बाजेच्या पायथ्याशी उकिडवा बसला होता. बाज रिकामी होती, तरी तिच्यावर बसत नव्हता.

"मामा, तुम्ही पुढं व्हा," तो म्हणाला.

"नाही बापू," दयाराम म्हणाले. "आता मी मागं."

ते एकटेच दरीत गेले. पाण्याची धार बारीक झाली होती, पानं पिवळी पडली होती. पाथरीवर ओली पावलं होती. या वेळी त्यांनी आपली पावलं शेजारी ठेवली नाहीत, त्यांच्या मागं ठेवली. फाट्यावर कडुनिंबाची डहाळी होती. ती उचलली. पुढच्या फाट्यावरची उचलली. काखेत जुडी जड होत गेली, मनातली धाकधूक मात्र कमी होत गेली. हे काम त्यांच्या ओळखीचं होतं.

चिरकुंडाशी ते थांबले.

धार पडत होती. तिचा आवाज नव्हता. पाणी वरून खाली येत होतं, कुंडात मिसळत होतं, आणि सगळं मुकं होतं.

त्यांना स्वतःचा श्वास ऐकू आला. मग आणखी श्वास ऐकू आले. वर, कड्यावर. बरेच.

"आले का सगळे?"

दयारामांनी समताचा चेहरा डोळ्यांसमोर आणला.

"आलो," ते म्हणाले.

वर दगड सरकले.

धबधब्याचा आवाज एकदम परत आला, कानठळ्या बसतील असा. दयाराम वळले आणि उतरू लागले. मागं वळून पाहायची त्यांना गरज वाटली नाही. मागं कोणी असणारच नव्हतं.

नाक्याच्या अलीकडं सिंधूताई शेळ्या चारत होती. त्यांच्याच गल्लीतली. त्यांना पाहून तिनं पदर सावरला.

"दयारामभाऊ, एवढी मानसं कुठची घेऊन आले हो? अन् तुम्ही मागं कसे काय?"

"कोनती मानसं?"

"हे काय, आता तं गेले पुढं! एक बाई थांबली होती माह्यापाशी. वल्लीचिंब. आमचा मागचा येऊन राह्यला का, म्हने."

दयारामांनी रस्त्याकडं पाहिलं. फुफाटा तसाच होता. एक पाऊल नव्हतं.

"मंग तू काय सांगतलं?"

"म्हनलं, हाव. येऊन राह्यला."

घरी पोचले तेव्हा समताच्या खोलीत देवानंद बाजेवर बसून भाकर खात होता. समता त्याला लागून बसली होती. "मामा, आत या ना," तो म्हणाला आणि सरकून जागा केली. दयाराम उंबऱ्यापाशी उभे राहिले. बराच वेळ ते कडेला उभे होते. मग आत आले.

त्या वर्षापासून देवानंद धडधाकट आहे. दरीचं काम त्यानं सोडलं. संग्रामपूरला दुकानात बसतो. त्याला मुलगा झाला, अश्वजित.

दयाराम तायडे त्याच कार्तिकात, त्या मंगळवारनंतरच्या गुरुवारी, भर दुपारी, घराच्या ओट्यावर वारले. तेव्हा घरात जनकाबाई, समता आणि देवानंद एवढेच होते. ओटा मोठा आहे, त्यावर पंगत बसते. तरी बापाच्या तोंडात पाणी घालायला गेली तेव्हा आपल्याला अंग चोरून, कडेकडेनं, वाट काढत जावं लागलं, असं समता सांगते.